खिडकीत समुद्र असलेल्या हॉलसाठी मोठा टीव्ही

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार. अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना दुपारी दोनला सुरू झाला तेव्हा गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरात वाडीतली पंधरा-वीस माणसं जमली होती. ५५ इंची टीव्ही त्याच वर्षी घेतलेला. पहिला तासभर मजेत गेला. तीननंतर ऊन खिडकीतून आत सरकायला लागलं, आणि साडेचारला पडद्यावर फलंदाजापेक्षा आमचीच खिडकी, तिचं ग्रिल आणि पलीकडचे माड जास्त स्पष्ट दिसत होते. शेवटी खिडकीवर गोधडी टांगली. मग वारा बंद झाला आणि घामाघूम होऊन निम्मी माणसं पडवीत जाऊन बसली. भारताची सगळी फलंदाजी आम्ही अशी अर्धीमुर्धी पाहिली. सूर्य बुडाल्यावर चित्र लख्ख झालं.

त्या टीव्हीत काहीच बिघाड नव्हता. दुकानात तो छान दिसला होता आणि रात्री घरीही छानच दिसायचा. चुकला तो आमचा क्रम. आम्ही आधी टीव्ही घेतला, मग रिकामी भिंत शोधली, आणि उन्हाचा विचार केलाच नाही. त्यानंतर नात्यातल्या तीन घरांसाठी टीव्ही निवडायला मी गेलो, आणि तिन्ही वेळा क्रम उलटा धरला: आधी ऊन, मग भिंत, शेवटी टीव्ही. तोच क्रम इथे सविस्तर देतो.

कुणी म्हणेल, दारं-खिडक्या बंद करून जाड पडदे लावा, प्रश्न मिटला. डोंगरावरच्या किंवा देशावरच्या घरात ते चालेल. किनाऱ्यावर एप्रिल-मे महिन्यात दुपारी खिडकी बंद करून बसता येत नाही; खारा वारा अंगाला लागला नाही तर पंखाही गरम हवाच फिरवतो. म्हणून आपल्याला उजेडातच दिसेल असा टीव्ही लागतो, आणि उजेड थोडा आवरावाही लागतो. या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तरच पैसे सत्कारणी लागतात.

पायरी पहिली: आठवडाभर ऊन बघा

एक जुनी फोटोफ्रेम घ्या, काच असलेली. आतला फोटो काढून त्या जागी काळा कागद घाला. आता ती काच म्हणजे बंद टीव्हीच. टीव्ही जिथे लावायचं मनात आहे तिथे, त्याच उंचीवर ती टेकवा किंवा टांगा. नेहमीच्या खुर्चीत बसा आणि सकाळी दहा, दुपारी एक, चार आणि साडेपाच अशा चार वेळांना मोबाइलवर तिचा फोटो काढा. झोपाळ्यावर, जमिनीवर, दाराजवळच्या बाकावर, जिथे जिथे माणसं बसतात तिथूनही काढा. काचेत खिडकी दिसली तर टीव्हीतही दिसणार. काच काळीच राहिली तर ती भिंत सोन्याची. या साध्या चाचणीसारखी दुसरी चाचणी मला अजून सापडलेली नाही.

एक गोष्ट मात्र आठवड्यात कळत नाही. सूर्य बारा महिने ठीक पश्चिमेला मावळत नाही. आपल्या अक्षांशावर डिसेंबरमध्ये तो पश्चिमेपासून साधारण २५ अंश दक्षिणेकडे मावळतो, तर जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे. म्हणजे पश्चिमेच्या खिडकीतून थंडीत येणारं ऊन तिरपं होऊन हॉलच्या उत्तरेकडच्या बाजूला पडतं, आणि मे महिन्यात तेच दक्षिणेकडच्या बाजूला सरकतं. दिवाळीत सावलीत दिसलेली भिंत मेमध्ये, नेमकी मुलं सुट्टीला आलेली असताना, उन्हात असू शकते. सूर्याची वाट दाखवणारी मोबाइल ॲप मिळतात, ती पाहावीत. नाहीतर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं: थंडीत ऊन कुठपर्यंत येतं आणि आंब्याच्या दिवसांत कुठे येतं. ज्यांनी वर्षानुवर्षं त्या हॉलमध्ये दुपारी सुपारी कातरली, त्यांना ते फरशीगणिक ठाऊक असतं.

पायरी दुसरी: भिंत ठरवा

खिडकीच्या बरोबर समोरची भिंत सर्वांत वाईट. तिथे पडदा म्हणजे आरसा होतो. खिडकीच्या शेजारची, म्हणजे खिडकी ज्या भिंतीत आहे तीच भिंतही बरी नाही. तिथे पडद्यावर ऊन पडत नाही हे खरं, पण बाजूच्या झगझगीत उजेडाने डोळे दिपतात आणि टीव्ही काळवंडलेला वाटतो. चांगली ती खिडकीला काटकोनात असलेली भिंत. शाळेतला नियम आठवा: किरण ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. काटकोनातल्या भिंतीवर बाजूने आलेला खिडकीचा उजेड परतून समोरच्या बाजूला जातो, मधोमध बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत येत नाही.

किनाऱ्यावरच्या घराला दुसरी अडचण असते ती पावसाची. नैर्ऋत्येचा पाऊस झोडपतो तो पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतींना. चिऱ्याची, म्हणजे जांभा दगडाची, भिंत पाणी शोषते आणि आतून ओल धरते. अशा भिंतीला टीव्ही चिकटवला तर मागच्या अंगाला चार महिने दमटपणा राहतो. म्हणून पश्चिमाभिमुख घरात माझी पहिली पसंती आतल्या आडव्या भिंतीला, म्हणजे हॉल आणि शेजारच्या खोलीच्या मधल्या भिंतीला. ती नसेल तर उत्तरेची बाहेरची भिंत. दक्षिणेची घ्यावीच लागली तर बाहेरून पत्रा किंवा झाप लावून आधी ओल थांबवा.

जुन्या घरात माजघराच्या दाराची भिंत हीच एक रिकामी भिंत उरते आणि ती नेमकी खिडकीसमोर असते. तसं असेल तर टीव्ही भिंतीला घट्ट न लावता हाताने फिरणाऱ्या ब्रॅकेटवर लावा आणि दुपारी १५-२० अंश वळवा. थोडा खाली झुकवला तरी खिडकीचं वरचं आभाळ पडद्यातून निघून जातं. पण खाली झुकवल्यावर पडद्यात फरशी येते, आणि फरशी चकचकीत पांढऱ्या टाइल्सची असेल तर तिच्यावरचं ऊन पडद्यात शिरतं. समोर एक गडद चटई टाकली की काम होतं. लाल कोब्याच्या जमिनीला हा त्रासच नाही.

सावलीचं गणित

पागोळी पुढे काढली की ऊन थांबेल असं वाटतं. दुपारी बाराला थांबतं, चारनंतर नाही. डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर असतो. तेव्हा तीन फूट पुढे आलेलं छप्पर खिडकीवर एक-सव्वा फूट सावली टाकतं, बाकी सगळं ऊन आत. उतरत्या उन्हाला उभी आडच लागते.

आणि ती आड खिडकीच्या बाहेर हवी. कलमांच्या रोपवाटिकेत वापरतात ती शेडनेट शेतीच्या दुकानात ५०, ७५, ९० टक्के अशी मिळते. पडवीच्या कडेला ७५ टक्क्यांची जाळी वरून खाली गुंडाळता येईल अशी लावली तर उजेड पावावर येतो, वारा येत राहतो आणि जाळीतून समुद्रही दिसतो. बांबूची चिकही उत्तम, फक्त पावसाळ्यात तिला बुरशी लागते. जूनच्या आधी काढून माळ्यावर ठेवावी. आतला जाड पडदा उजेड अडवतो पण वाराही अडवतो आणि उष्णता तोवर आत आलेली असते, म्हणून तो माझ्या यादीत शेवटी. खिडकीबाहेर चार-पाच सुपारी किंवा केळी असतील तर त्या तोडू नका. त्यांच्या सावलीची किंमत या लेखातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त आहे.

पायरी तिसरी: उजेडाचे आकडे समजून घ्या

पडद्याचा उजेड ‘निट’मध्ये मोजतात. एक निट म्हणजे एक चौरस मीटरला एक कँडेला. साधा, स्वस्तातला एलईडी टीव्ही २५० ते ३५० निटचा असतो. मधल्या दर्जाचे ४०० ते ६००. मिनी एलईडीचे चांगले टीव्ही १००० आणि त्याच्या वर जातात.

आता खिडकीचं बघा. दुपारचं उजळ आभाळ सहज ५००० निट असतं. पाण्यावरची चकाकी त्याहून कितीतरी जास्त. साधी गुळगुळीत काच समोरून आलेल्या उजेडातला साधारण ४ टक्के परत फेकते. म्हणजे खिडकी पडद्यात दिसत असेल तर त्या जागी २०० निट उजेड आधीच बसलेला आहे. टीव्ही ३०० निटचा असेल तर पांढरा भाग ५०० आणि काळा भाग २००: फरक अडीच पट. एवढ्या फरकात चित्र धुतल्यासारखं दिसतं. माझ्या गोधडीच्या दिवशी झालं ते हेच.

१२०० निटचा टीव्ही आणला तर त्याच जागी १४०० आणि २००, म्हणजे सात पट. सुधारणा झाली, पण बऱ्याच पैशांत. त्याऐवजी जुनाच ३०० निटचा टीव्ही काटकोनातल्या भिंतीवर नेला तर खिडकीचं प्रतिबिंब जातं आणि उरतो तो खोलीतला पसरलेला उजेड. ५०० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पडद्यावर पडला आणि त्यातला एक टक्का विखरून परत आला तर तो दोन निटसुद्धा भरत नाही. समोरच्या पांढऱ्या भिंतीचं प्रतिबिंब धरलं तरी आणखी पाच-सहा निट. फरक अडीच पटीवरून चाळीस पटींवर गेला, आणि खर्च झाला तो चार स्क्रूंचा. भिंतीचा एवढा आग्रह मी धरतो तो या हिशेबामुळे.

मग उजळ टीव्ही हवाच कशाला? कारण बहुतेक हॉलना दोन बाजूंनी खिडक्या असतात, दार उघडं असतं, पडवीतून उजेड येतो, आणि डोळे त्या उजेडाला सरावलेले असतात. उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना ३०० निट फिकटच वाटतात. दिवसा टीव्ही बघणाऱ्या, खुल्या हॉलच्या घराला मी किमान ६०० निट सांगतो. खिडकी समोर असणं टळत नसेल तर १००० च्या वरच.

खोक्यावरच्या आकड्यात एक फसगत असते. ‘पीक ब्राइटनेस’ म्हणून जो मोठा आकडा छापतात तो बहुधा पडद्याच्या छोट्या चौकोनात, काही क्षणांपुरता मोजलेला असतो. क्रिकेटमध्ये अख्खा पडदा हिरवागार उजळ असतो, तेव्हा कामाचा असतो तो पूर्ण पडद्यावर टिकणारा उजेड. शिवाय आपली मराठी चॅनेलं साध्या (एसडीआर) चित्रात येतात, उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या एचडीआर चित्रात नाही, आणि काही टीव्ही तिथे आपला पूर्ण उजेड वापरतच नाहीत. म्हणून मोजणी करून लिहिलेली परीक्षणं वाचताना ‘एसडीआर’ आणि ‘फुल स्क्रीन’ हे दोन आकडे शोधा.

आकडे कुठेच मिळाले नाहीत तर टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर किती वॅट लिहिलेत ते बघा. एकाच मापाच्या दोन एलईडी टीव्हींत एक १२० वॅटचा आणि दुसरा २५० वॅटचा असेल तर दुसरा जास्त उजळ असण्याची शक्यता मोठी. हा पुरावा नाही, पण इशारा चांगला आहे. उजेडाला वीज लागतेच.

पायरी चौथी: पॅनेल कुठलं

साधा एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी या नावांनी माणूस गोंधळतो. पहिल्या तिन्हींमध्ये मागे दिवे आणि पुढे एलसीडी पडदा असतो. क्यूएलईडी हे नाव रंगाच्या थराबद्दल सांगतं, उजेडाबद्दल नाही. ३०० निटचे क्यूएलईडीही बाजारात खूप आहेत. नावावर जाऊ नका.

मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, आणि ते विभागांत स्वतंत्र मंद-तेज होतात. त्यामुळे पूर्ण पडदा झगझगीत करता येतो आणि काळा भागही काळा राहतो. उन्हाच्या हॉलसाठी आज माझी सरळ शिफारस हीच. सॅमसंग, सोनी, टीसीएल, हायसेन्स या सगळ्यांकडे असे टीव्ही आहेत. दुकानदाराला एवढंच विचारा: ‘मागचे दिवे विभागांत मंदावतात का, आणि विभाग किती?’ ‘डायरेक्ट एलईडी आहे’ एवढंच उत्तर आलं तर ते पुरेसं नाही. डायरेक्ट म्हणजे दिवे मागे आहेत, विभाग असतीलच असं नाही.

ओएलईडीत मागे दिवे नसतात, पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. त्याचं रात्रीचं चित्र मला सर्वांत आवडतं. पण उन्हाच्या हॉलमध्ये मी ते घेणार नाही. एक तर अख्खा पडदा उजळ झाला की तो स्वतःचा उजेड आपोआप कमी करतो. दुसरं, बातम्यांच्या चॅनेलवर खालची पट्टी आणि कोपऱ्यातलं बोधचिन्ह दिवसभर एकाच जागी असतं. पूर्ण उजेडात वर्षानुवर्षं तेच लागलं तर त्याचा ठसा उमटण्याचा धोका राहतो. आणि क्यूडी-ओएलईडी प्रकारात खोलीत उजेड असला की काळा रंग करडा-जांभळट दिसतो. ज्यांच्या घरी टीव्ही सात वाजल्यानंतरच लागतो त्यांनी मात्र ओएलईडी खुशाल घ्यावा.

एलसीडी पडद्याच्या दोन जाती आहेत. व्हीए पडद्यावर काळा जास्त गडद, पण बाजूने पाहिलं की रंग फिके पडतात. आयपीएस बाजूनेही बरा दिसतो, पण काळा कमी. व्हीएचा काळा-पांढऱ्यातला फरक ३००० पटींच्या वर तर आयपीएसचा साधारण १००० पट. शहरातल्या हॉलमध्ये सगळे सोफ्यावर समोर बसतात. आपल्याकडे एक जण झोपाळ्यावर, दोघं उंबऱ्यावर, आजी पाटावर एका कडेला. उजेडात काळ्या रंगातला फरक तसाही निम्मा हरवतो, म्हणून माणसं कडेकडेने बसत असतील तर मी बाजूने चांगल्या दिसणाऱ्या पॅनेलला झुकतं माप देतो.

पडद्याच्या पृष्ठभागाकडे लोकांचं लक्षच जात नाही, आणि आपल्यासाठी तर ते फार मोलाचं. मॅट पडदा प्रतिबिंबाची धार मोडतो: खिडकी दिसत नाही, तिच्या जागी पुसट पांढुरका डाग दिसतो. सॅमसंगने २०२२ पासून ‘द फ्रेम’ मालिकेत आणि २०२४ मध्ये एस९५डी या ओएलईडीत असा पडदा दिला. खिडकी एकच आणि समोर असेल तर मॅट पडदा वरदान आहे. पण चारी बाजूंनी उजेड असेल तर तो उजेड मॅट पडद्यावर पसरून सगळंच चित्र किंचित दुधाळ करतो. तिथे चकचकीत पण परावर्तनरोधक लेप असलेला पडदा चांगला. लेप ओळखायचा कसा? टीव्ही बंद करून त्यात दुकानातली ट्यूबलाइट बघा. प्रतिबिंब पांढरंशुभ्र दिसलं तर लेप नाही किंवा कमी आहे. गडद निळसर-जांभळट, मंद दिसलं तर लेप चांगला.

माप किती

बसायच्या जागेपासून भिंतीपर्यंत टेप धरा. साडेसात फूट असेल तर ५५ इंची, नऊ फुटांना ६५, दहा-सव्वादहा फुटांना ७५, साडेअकराला ८५. या अंतरावरून पडदा डोळ्यांसमोर ३० अंशांचा कोन व्यापतो, तो सुखाचा वाटतो. थोडं जवळ बसलं तरी फोर-के चित्राला चालतं. दुकानात माप सेंटिमीटरमध्येही लिहिलेलं असतं: १३९ म्हणजे ५५ इंची, १६४ म्हणजे ६५, १८९ म्हणजे ७५. हे कर्णाचं माप आहे. प्रत्यक्ष रुंदी ६५ इंचीची १४४ सेंटिमीटर, ७५ इंचीची १६६. जुन्या पेपरचा तेवढा तुकडा कापून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. देव्हाऱ्याचं दार अडतंय का, कॅलेंडर कुठे जाईल, हे सगळं आपोआप दिसतं.

एकाच पैशात ७५ इंची मंद आणि ६५ इंची उजळ असे दोन समोर आले तर ६५ घ्या. मंद पडदा मोठा केला की प्रतिबिंबही मोठं होतं.

पायरी पाचवी: दुकानात काय करायचं

दुकानातले टीव्ही ‘डेमो’ मोडमध्ये, सर्वांत भडक रंगात लावलेले असतात आणि चित्रफीतही खास केलेली असते. रिमोट मागून घ्या. ‘स्टँडर्ड’ मोड लावा आणि चालू असलेलं एखादं साधं चॅनेल दाखवायला सांगा, त्यातही क्रिकेट किंवा बातम्या. पेनड्राइव्हवर तुमच्याच घरचा एक अंधाऱ्या प्रसंगाचा व्हिडिओ न्या. शिमग्याच्या रात्रीचा पालखी नाचवतानाचा असला तर उत्तम. काळोखातले चेहरे दिसतात का ते बघा. मग शक्य असेल तर दुकानाच्या दाराजवळ, उजेडात लावलेला नग बघा. किमान मोबाइलचा टॉर्च पडद्यावर समोरून आणि बाजूने मारा. मी चिपळूणच्या बाजारात हे केलं तेव्हा दुकानदाराला आधी नवल वाटलं, मग त्यानेच दोन मॉडेल शेजारी शेजारी लावून दाखवली.

क्रिकेट पाहणाऱ्यांनी पडदा १०० किंवा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र बदलणारा, आहे का विचारावं. चेंडूची धाव सलग दिसते. वेगळा साउंडबार लावायचा असेल तर एचडीएमआयवर ‘ईआर्क’, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच केबलने साउंडबारला पाठवायची सोय, हवं. पावसात कौलांवर आवाज सुरू झाला की टीव्हीचे पातळ स्पीकर ऐकूच येत नाहीत, तेव्हा साउंडबारचे पैसे बाजूला ठेवाच.

किमतीबद्दल एवढंच: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्याआधीच्या किमती कुणी सांगत असेल तर त्या जुन्या समजा. नवी मॉडेलं साधारण उन्हाळ्यात येतात, तेव्हा गेल्या वर्षीचं वरच्या दर्जाचं मॉडेल स्वस्तात मिळतं, आणि उजेडाच्या बाबतीत ते यंदाच्या मधल्या मॉडेलपेक्षा बहुतेकदा सरसच असतं.

पैसे देण्याआधी एक प्रश्न कागदावर लिहून घ्या: बिघाड झाला तर माणूस आमच्या गावापर्यंत येतो का, की टीव्ही तालुक्याला आणायचा? ७५ इंची पेटी टेम्पोत घालून नेणं म्हणजे एक दिवस आणि जिवाला घोर. आमच्या नात्यातल्या एका घरी हा प्रश्न विचारायचा राहिला आणि पॅनेल बदलून यायला दोन महिने लागले. वाहतुकीत पेटी कायम उभी हवी, आडवी कधीच नाही. उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा आणि पूर्ण पांढरं, पूर्ण काळं चित्र लावून पडदा तपासल्याशिवाय सही करू नका.

पायरी सहावी: लावणं

चिऱ्यात साधा प्लॅस्टिकचा गुल्ला नीट धरत नाही. चिरा भुसभुशीत असतो, भोक मोठं होतं आणि दोन पावसाळ्यांत स्क्रू हलायला लागतो. ६५ इंची टीव्ही वीस-पंचवीस किलोचा. त्यासाठी लांब अँकर बोल्ट वापरा किंवा भोकात रासायनिक भरणा करून बोल्ट बसवा. आमच्या सुताराने सुचवलेला उपाय मला जास्त पटतो: सागाची किंवा फणसाची जाड फळी सहा-आठ ठिकाणी भिंतीत पक्की करायची आणि ब्रॅकेट फळीवर लावायचं. भार पसरतो, आणि टीव्हीमागे इंचभर हवा खेळती राहते. मातीची भिंत असेल तर टांगूच नका, भक्कम टेबल करून घ्या. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. साधे लोखंडी खाऱ्या हवेत गंजतात. दरवर्षी मृगाच्या आधी ब्रॅकेट हलवून बघावं.

विजेचं काम मात्र वायरमनकडूनच. अर्थिंग आधी तपासून घ्या. कातळात अर्थिंगचा खड्डा पुरेसा खोल जात नाही आणि उन्हाळ्यात जमीन सुकली की ते कमजोर पडतं. मेन बोर्डात एसपीडी, म्हणजे विजेचा अचानक आलेला लोळ जमिनीकडे वळवणारं उपकरण, बसवा. स्टॅबिलायझर कमी-जास्त दाब सांभाळतो, विजेचा लोळ थांबवत नाही. हे दोन वेगळे रक्षक आहेत. वळवात आणि हस्ताच्या गडगडाटात नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढा, डिशची केबल काढा, इंटरनेटची तांब्याची तारही काढा. गेलेली वीज परत आली की पाच-दहा मिनिटं थांबून मगच टीव्ही लावा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवड्यांमागून आठवडे वीज नव्हती, तेव्हा इन्व्हर्टरचा विचार आपल्याकडे सगळेच करतात. उजळ टीव्ही पूर्ण तेजावर २०० वॅट सहज खातो. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर दोन पंखे, दिवे आणि तो टीव्ही मिळून तीनेक तास निघतात. इन्व्हर्टर साइन वेव्हचा घ्या आणि त्यावर असताना टीव्हीचा उजेड निम्म्यावर आणा.

घरी आल्यावरची जुळणी

पहिल्यांदा चालू करताना ‘घर’ आणि ‘दुकान’ असा प्रश्न येतो, तिथे घर निवडा. त्यानंतर बहुतेक टीव्ही वीजबचतीच्या मोडमध्ये सुरू होतात आणि निम्मा उजेड तिथेच अडकतो. ‘हा टीव्ही दिवसा दिसतच नाही’ म्हणून मला बोलावलेल्या दोन घरांत दोष एवढाच होता. बचत मोड बंद करा, ‘बॅकलाइट’ पूर्ण वाढवा. ‘ब्राइटनेस’ नावाचं बटण पुष्कळ टीव्हींत काळ्या रंगाची पातळी बदलतं. ते वाढवलं की चित्र उजळ न होता धुरकट होतं, म्हणून त्याला हात लावू नका. दिवसासाठी एक मोड आणि रात्रीसाठी दुसरा, मंद, असे दोन ठरवून ठेवा. उजेड ओळखणारा सेन्सर असेल तर तो चालू ठेवून पाहा. चांगल्या टीव्हीत तो नीट काम करतो.

खारी हवा, पाल आणि कुंभारीण

समुद्राजवळच्या घरात आठवड्याभरात पडद्यावर मिठाचा पातळ थर बसतो. तो उजेड विखुरतो आणि हजारो रुपये देऊन घेतलेला परावर्तनरोधक लेप निकामी करतो. कोरड्या फडक्याने घासलं तर मिठाचे कण लेपावर ओरखडे काढतात. आधी मऊ ब्रशने धूळ झटका, मग मायक्रोफायबरचं फडकं साध्या स्वच्छ पाण्यात ओलं करून घट्ट पिळा, हलक्या हाताने पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. काच पुसायचे फवारे वापरू नका. मॅट पडदा तर आणखी नाजूक.

रिकाम्या एचडीएमआय छिद्रांना रबरी टोप्या लावा. तिथे हिरवट गंज चढतो, आणि कुंभारीण माशी मातीचं घर करते. मागच्या जाळीतून पाल शिरते, तिला ऊब हवी असते. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन मागे बघायची सवय लावा. जुलैत हवेत ८५-९० टक्के दमटपणा असतो. रोज तास-दोन तास टीव्ही लावला तर आतली ऊब त्याला कोरडं ठेवते.

बंद घरांचा प्रश्न वेगळा. मुंबईला राहणारे गणपतीला घर उघडतात आणि पहिल्या संध्याकाळीच टीव्ही लावतात. मेच्या शेवटी घर बंद करताना प्लग आणि केबल काढा, टीव्हीवर प्लॅस्टिक गुंडाळू नका, त्यात दमटपणा कोंडतो. जुनी सुती चादर टाका. गणपतीला आल्यावर आधी खिडक्या उघडा, पंखा फिरू द्या, मागची जाळी झटका. एक रात्र तसाच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी प्लग लावा. गाव जवळ असेल तर पावसाळ्यात दर पंधरवड्याला शेजारच्या माणसाला सांगून तासभर चालू करून घ्या. आमच्या वाडीत बंद घरांच्या चाव्या ज्यांच्याकडे असतात तेच दिवा लावायला जाताना हे कामही करतात.